चायनीज डिझेल हीटर आणि वॉटर सेपरेटर: कोकणातल्या थार-गुरखाला दोन्हींतलं आधी काय?

हिवाळी स्पिती किंवा लडाखचा बेत ठरला की महिंद्रा थार आणि फोर्स गुरखा या डोंगरी गाड्या बाळगणाऱ्यांच्या गप्पा हमखास चायनीज डिझेल हीटरपाशी येतात. इंजिन बंद ठेवून रात्रभर केबिन गरम, बॅटरीवर फारसा भार नाही, आणि किंमत अशी की एका युरोपीय हीटरच्या पैशांत असे चार-पाच संच यावेत. इथे त्या संचाचं आणि त्याच्यासोबत घ्यायच्या वॉटर सेपरेटरचं, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं काढणाऱ्या फिल्टरचं, परीक्षण आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. हीटरची भट्टी चांगली आहे. खोक्यात येणारं इंधनाचं सामान, म्हणजे नळी, क्लिपा आणि प्लॅस्टिकची टाकी, बसवण्याच्या लायकीचं नाही. आणि गाडी वर्षातले अकरा महिने रत्नागिरी, दापोली, मालवणच्या हवेत उभी राहणार असेल तर पहिला खर्च सेपरेटरवर करा, हीटर त्यानंतर. इंजिन आणि हीटर एकाच टाकीतलं डिझेल पितात आणि त्या टाकीत पाणी असेल तर दोन्ही वाया जातात.

सेपरेटर

कोकणात डिझेलमध्ये पाणी येण्याच्या वाटा तीन. पहिली पंपाच्या भूमिगत टाकीतून. जुलैच्या धो-धो पावसात झाकणातून पाणी झिरपलं की ते तळाशी बसतं, आणि टँकर रिकामा होत असताना तळचा गाळ-पाणी ढवळून वर येतं. म्हणून टँकर उभा दिसला तर त्या पंपावर भरू नका, पुढचा गाठा. पंपवाले डिप रॉडला पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकीतलं पाणी तपासतात; आज तपासलंय का, हे विचारायला संकोच करू नये. दुसरी वाट आपल्याच टाकीतली. कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारं) जाळतं त्याच्या कितीतरी पट डिझेल लाइनमधून फिरतं आणि उरलेलं गरम होऊन टाकीत परत येतं. गाडी उभी राहिली की टाकी थंड होते, आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवा घेण्याच्या नळीतून, आत ओढली जाते. टाकी जेवढी रिकामी तेवढी ही हवा जास्त, आणि तेवढंच आतल्या पत्र्यावर धरणारं पाणीही. पावसाळ्यात टाकी पाऊणच्या खाली ठेवू नये ती याचसाठी. तिसरी वाट ओढ्यात किंवा पुरात बुडालेल्या ब्रीदरची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलं. अशा गाडीला सेपरेटर पुरत नाही. टाकी उतरवून, पूर्ण रिकामी करून, पुसूनच परत चढवावी लागते, आणि तोवर चावीसुद्धा फिरवायची नाही.

पाण्याने नेमकं काय होतं? हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर यांना वेगळं वंगण नसतं, डिझेल हेच त्यांचं वंगण. आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची आणि दाब हजार बारच्या वर. तिथे पाण्याचा थेंब गेला की धातूला धातू घासतो, निघालेला चुरा पुढे रेलमध्ये आणि चारही इंजेक्टरांत पसरतो. गाडीच्या मूळ फिल्टरला पाणी साठवायची जागा असते आणि पाणी भरलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, हे खरं. पण खाऱ्या हवेत त्या सेन्सरचा कनेक्टर हिरवा पडतो, आणि दिवा लागायला हवा तेव्हा लागत नाही. काचेसारख्या पारदर्शक वाटीचा सेपरेटर हवा तो इथे. पाणी डोळ्यांनी दिसतं, वायरीवर विश्वास ठेवावा लागत नाही.

रॅकॉर कंपनीची ५०० मालिका हा या कामाचा नमुना धरायला हरकत नाही. ताशी २२७ लिटरची क्षमता, वरून झाकण उघडून बदलायचं एलिमेंट (आतली गाळणी), खाली वाटी आणि निचऱ्याचा नळ. हा प्रकार बोटींच्या इंजिनांसाठीही विकला जातो, तेव्हा मिरकरवाडा किंवा हर्णै बंदराजवळच्या बोटीच्या सामानाच्या दुकानात आधी विचारून बघा. एलिमेंट २, १० आणि ३० मायक्रॉनची येतात. ३० चंच घ्या. बारीक गाळणीचं काम गाडीचा मूळ फिल्टर करतोच. सेपरेटरने पाणी आणि जाड गाळ अडवायचा आहे. इथे २ मायक्रॉनचं बसवलं तर ते लवकर चोंदतं, पंपाला ओढ पडते आणि घाटात पूर्ण लोडवर गाडी दम टाकते. कुंभार्ली चढताना तिसऱ्या गिअरला गाडी अचानक मेली आणि सपाटीला ठीक चालली, तर आधी एलिमेंट बघा, टर्बोला दोष देऊ नका.

बसवण्याची जागा बॉनेटखाली फायरवॉलजवळ, टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब. चेसिसला खाली लटकवलेला सेपरेटर सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, एकाच दगडाने फुटतो, आणि किनाऱ्यावर त्याच्या निचऱ्याच्या स्क्रूला मीठ लागून तो जाम होतो. वाटीखाली धातूचं कवच मिळत असेल तर ते घ्याच, इंजिनाजवळ नुसती प्लॅस्टिकची वाटी नको. नळीचं आतलं माप मूळ लाइनपेक्षा कमी नसावं. थ्रेडवर टेफ्लॉन टेप लावू नका, तिचे धागे सुटून पुढे जातात. इंधनाला चालणारं द्रव सीलंट लावा. हा सगळा भाग ओढीच्या बाजूला आहे हे लक्षात ठेवा. तिथला ढिला जोड डिझेल गळू देत नाही, उलट हवा आत घेतो. फरशी कोरडी, जोड कोरडा, आणि सकाळी मात्र सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. शंका आली तर सेपरेटरनंतर फूटभर पारदर्शक नळी तात्पुरती लावून इंजिन चालवा. सलग बुडबुडे दिसले तर जोड ढिला आहे.

पाणी काढताना इंजिन बंद. खाली बाटली धरा, नळ उघडा, आणि झाकणावरची टोपी जराशी सैल करा, नाहीतर निर्वातामुळे थेंबही पडत नाही. पाणी खाली बसलेलं स्पष्ट दिसतं. निव्वळ डिझेल यायला लागलं की नळ बंद. वर चांगलं डिझेल भरून झाकण आवळा, हातपंप असेल तर कडक होईपर्यंत दाबा, मग चावी. बाटलीतलं पाणी गढूळ किंवा काळपट चिकट असेल तर टाकीत जीवाणूंची साय धरली आहे. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच ती वाढते. नुसतं एलिमेंट बदलून भागणार नाही, टाकी साफ करावी लागेल.

दोन उणिवा सांगितल्याच पाहिजेत. एक, डिझेलमध्ये पूर्ण मिसळून दुधाळ झालेलं पाणी हा सेपरेटर नीट वेगळं करू शकत नाही. दोन, वॉरंटीतल्या गाडीची इंधनलाइन कापली की पुढे इंजेक्टरच्या दाव्यात वाद ठरलेला. नवीन गाडी असेल तर दर सर्व्हिसला मूळ फिल्टरचं पाणी काढून घ्या आणि वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

हीटर

खोक्यावर २, ५ किंवा ८ किलोवॅट लिहिलेलं असतं. त्यातलं ८ विसरून जा, ती बहुधा ५ चीच भट्टी असते. खरा आकडा पंपावरून निघतो. या संचातला नेहमीचा पंप एका ठोक्याला ०.०२२ मिली डिझेल टाकतो. कमीत कमी १.६ हर्ट्झ (सेकंदाला १.६ ठोके) आणि जास्तीत जास्त ५ हर्ट्झ धरले तर ताशी १२७ ते ३९६ मिली. लिटरभर डिझेलमधून साधारण १० किलोवॅट-तास उष्णता मिळते, म्हणजे ३९६ मिलीतून जेमतेम ४, आणि त्यातली बरीच एक्झॉस्टवाटे जाते. केबिनमध्ये ३ च्या आसपास येते. तुलनेला वेबास्टोचा २ किलोवॅटचा हीटर ताशी ०.१२ ते ०.२४ लिटर जाळतो आणि आकडा खरा सांगतो.

थार किंवा तीन दरवाजांच्या गुरखाला २ किलोवॅटची छोटी भट्टीच योग्य. गरम हवेच्या तोंडाचा व्यास बघून घ्या: ६० मिमी म्हणजे छोटी, ७५ मिमी म्हणजे मोठी. एवढ्याशा केबिनला मोठी बसवली की ती रात्रभर सर्वांत खालच्या पायरीवर चालते, ज्योत थंड राहते आणि काजळी धरते. पाच दरवाजांची गुरखा किंवा मागे बिछाना केलेला कॅम्पर असेल तरच मोठी घ्या. आणि ही सगळी हवा गरम करणारी यंत्रं आहेत. पहाटे इंजिन सुरू व्हायला त्यांची मदत होत नाही. ते काम कूलंट गरम करणाऱ्या वेगळ्या हीटरचं.

आता खोक्यातलं सामान. सोबत येणारी प्लॅस्टिकची टाकी केबिनमध्ये ठेवायची कल्पनाच सोडून द्या, डिझेल मुख्य टाकीतून घ्या. इंजिनाच्या लाइनला टी मारून जोडणं सोपं, पण चुकीचं. इंजिनाचा पंप हीटरच्या नळीतून डिझेल किंवा हवा ओढतो आणि दोन्ही यंत्रं रडतात. टाकी उतरवून फ्लोट युनिटच्या (डिझेलची पातळी मोजणाऱ्या भागाच्या) झाकणावर वेगळी उभी नळी बसवा. ड्रिलच्या टोकाला भरपूर ग्रीस लावा म्हणजे चुरा आत पडणार नाही, आणि टाकी आधी पूर्ण रिकामी करून वारा लागू द्या. नळीचं टोक तळापासून ४० ते ५० मिमी वर राहू द्या. त्यामुळे तळचं पाणी हीटरच्या वाट्याला येत नाही, आणि रात्रभर हीटर चालून टाकी कोरडी पडली अशी वेळही येत नाही.

खोक्यातली हिरवी किंवा दुधी मऊ नळी फेकून द्या. पंप डिझेल ठोक्या-ठोक्याने पाठवतो. मऊ नळी प्रत्येक ठोक्याला फुगते, मोजलेला थेंब वेळेवर भट्टीत पडत नाही. २ मिमी आतल्या मापाची कडक नायलॉन नळी घ्या. जोड देताना दोन्ही नळ्यांची टोकं काटकोनात कापून रबरी बाहीच्या आत एकमेकांना भिडली पाहिजेत. मध्ये फट राहिली की तिथे बुडबुडा बसतो आणि ज्योत विझते. क्लिपा इंजेक्शन लाइनच्या गोल क्लिपा वापरा, दात्यांची पट्टी नळीला एका बाजूने चावते. पंप टाकीजवळ, रबरी कुशनमध्ये, डिझेल बाहेर पडायचं तोंड वर करून, निदान १५ अंश तिरका. आडवा लावलेला पंप हवा आतच धरून बसतो.

पंप बसवायच्या आधी तपासायचा. प्राइम मोडमध्ये (भट्टी न पेटवता नुसता पंप चालवून) २०० ठोके द्या आणि पडलेलं डिझेल १० मिलीच्या सिरिंजमध्ये मोजा. ४.४ मिली यायला हवं. ५ च्या वर आलं तर भट्टी काजळेल, ४ च्या खाली आलं तर ज्योत टिकणार नाही. हा दहा मिनिटांचा उद्योग फार थोडे फिटर करतात, आणि पुढच्या निम्म्या तक्रारी इथेच संपल्या असत्या.

वायरिंगला कंजुषी नको. सुरू होताना ग्लो प्लग (भट्टी पेटवणारी तापती कांडी) ८ ते १० अँपिअर खेचतो, नंतर चालताना एक-दीड. खोक्यातली बारीक वायर बॅटरीपासून सीटखालपर्यंत नेली की व्होल्टेज पडतं आणि कंट्रोलर E-01 दाखवतो. ४ चौ. मिमीची वायर थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज. मेन स्विचने हीटर कधीही तोडू नका. बंदचं बटण दाबल्यावर पंखा तीन ते पाच मिनिटं फिरून भट्टी थंड करतो. मध्येच वीज गेली तर आतली उष्णता प्लॅस्टिकच्या पंख्यावर आणि सर्किटवर येते.

जिवाशी गाठ आहे ती एक्झॉस्टची. भट्टीच्या बुडाखाली सपाट जाड पत्रा, त्यावर गॅस्केट, आणि जळणाची हवा व एक्झॉस्ट या दोन्ही नळ्या जमिनीखाली, केबिनच्या बाहेर. थारच्या फ्लोअरवर पन्हळ्या आहेत. त्यावर नुसतं आवळून बसवलं तर फटीतून धूर आत येतो. २४ मिमीच्या स्टीलच्या नळीचा उतार बाहेरच्या बाजूला, तोंड मागे किंवा बाजूला, सर्वांत खालच्या जागी ३ मिमीचं छिद्र. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म झोपणाऱ्याच्या डोक्याजवळ लावा, आणि अलार्म नसेल तर हीटर लावून झोपू नका. यात तडजोड नाही.

आपल्याकडचा एक धोका हिमालयातल्या माहितीपत्रकांत लिहिलेला नसतो. पाऊस ओसरला की सड्यावरचं गवत महिन्याभरात वाळून कोळ होतं. एक्झॉस्टची नळी एवढी तापते की गवतात उभ्या गाडीखाली आग लागू शकते. हीटर लावायचा तर गाडी कातळावर किंवा मुरमावर.

थारची पाण्यात जायची मर्यादा ६५० मिमी, गुरखाची ७००. हीटरच्या दोन्ही नळ्या त्याच्या कितीतरी खाली असतात. हवा घेणारी नळी चेसिसच्या आतून वर वळवून न्या. ओढ्यात उतरण्यापूर्वी हीटर बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, तापलेल्या भट्टीत पाणी गेलं तर ग्लो प्लगची सिरॅमिक तडकते. गुहागर-मुरुडच्या वाळूत खारं पाणी उडालं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. आतला उष्णता-विनिमयक ॲल्युमिनियमचा आहे, मीठ त्याला खातं.

उंचीवर

लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के, स्पितीतल्या चंद्रताल सरोवराजवळ ४२५० मीटरला ६५. पंखा तेवढीच हवा ढकलतो, पण तिच्यात ऑक्सिजन कमी. रत्नागिरीत स्वच्छ जळणारा हीटर तिथे काळा धूर ओकतो. ज्या कंट्रोलरला दाब मोजणारा सेन्सर नाही त्यात इंधन आपणच कमी करावं लागतं: वरची मर्यादा ५ वरून ३.५, खालची १.६ वरून १.२ हर्ट्झ. त्याहून खाली नेलं तर ज्योत विझून E-08 येतो. परत खाली आल्यावर मूळ आकडे भरायला विसरू नका. म्हणून ते आधीच सनव्हायझरवर लिहून ठेवलेले बरे.

डिझेलचंही तसंच. आपल्या मानकानुसार डिझेल फिल्टरमधून जाण्याची तापमान-मर्यादा उन्हाळ्यात कमाल १८ अंश आणि हिवाळ्यात ६ अंश आहे; त्याहून थंडीत ते फिल्टरमध्ये अडकू शकतं. कोकणातून भरलेलं डिझेल उणे तापमानात मेण धरतं, आणि ते मेण सर्वांत आधी तुमच्याच सेपरेटरच्या एलिमेंटवर बसतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलेलं हिवाळी डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. वर चढताना टाकीतलं डिझेल मुद्दाम कमी होऊ द्या आणि हे डिझेल मिळेल तिथे भरून निदान वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवा, म्हणजे लाइन आणि फिल्टरमध्येही तेच भरेल. मुख्य टाकीत केरोसीन ओतू नका, कॉमन रेलच्या पंपाला ते वंगण पुरवत नाही. सोबत ३० मायक्रॉनची दोन एलिमेंट, एक ग्लो प्लग, त्याची जाळी आणि भट्टीच्या गॅस्केटचा संच ठेवा. गॅस्केट एकदा उघडलं की पुन्हा वापरायचं नसतं.

घरी परतल्यावर

कोकणात हे हीटर वापरून झिजत नाहीत, न वापरून मरतात. जुनं डिझेल पंपात चिकट होतं, कनेक्टरवर हिरवं चढतं. महिन्यातून एकदा वीस मिनिटं पूर्ण ताकदीवर चालवा. आंबोलीत पावसाळी मुक्काम केलात तर याच हीटरने ओल्या अंथरुणाचा दमटपणा छान जातो. पण रात्रभर खालच्या पायरीवर चालवल्यावर सकाळी बंद करण्याआधी पंधरा मिनिटं पूर्ण जोरात चालवून काजळी जाळून टाका.

आणि नळ्यांची तोंडं. २४ मिमीचं भोक म्हणजे कुंभारीण माशीला तयार घर. आठवड्याभरात ती आत मातीचे कप्पे लिंपते, प्रत्येकात एक अळी आणि तिच्या खाण्यासाठी कोळी. बाहेरून काही दिसत नाही. हीटर पुन्हा पुन्हा पेटायचा प्रयत्न करतो, पांढरा धूर सोडतो आणि E-10 दाखवून बसतो. लोक ग्लो प्लग बदलतात, पंप बदलतात. आधी जाड तार घालून बघा. उभ्या गाडीच्या दोन्ही नळ्यांना रबरी टोपणं लावा, आणि ती काढल्याशिवाय कोणी हीटर पेटवू नये म्हणून कंट्रोलरच्या बटणावर लाल चिकटपट्टी मारून ठेवा.